पिकअप खाली आणायची की चाक वर न्यायचं?

टायरचा माथा आणि मडगार्डची कमान यांच्यामध्ये माझा अख्खा पंजा आडवा जायचा आणि वर दोन बोटं जागा उरायची. १९८४ची शेव्हरोले सी-१०, आखूड हौद्याची, साधी टू-व्हील ड्राइव्ह. टेक्ससमध्ये राहायला आलो त्याच्या तिसऱ्या वर्षी घेतली. इंजिन ठणठणीत, चॅसीला गंज नाही, पण उभी राहिली की उंची वाढल्यावर पायजमा आखूड झालेल्या पोरासारखी दिसायची. तिचं नाक दोन-अडीच इंच खाली यावं एवढीच इच्छा होती. ते करताना जे शिकलो ते इथे सविस्तर लिहितो आहे, कारण "अमुक इंच खाली घ्या" असं सगळेच सांगतात, पण ते इंच नेमके कुठून काढायचे हे फार थोडे जण समजावतात. आणि सगळा फरक तिथेच पडतो.

इथे जुन्या पिकअप खाली बसवणाऱ्यांची एक बोली आहे. "टू-फोर", "फोर-सिक्स". पहिला आकडा पुढचे इंच, दुसरा मागचे. मागचा आकडा मोठा असतो, कारण पिकअप कारखान्यातूनच मागून उंच येते. हौद्यात माल भरला की ती सपाट व्हावी हा त्यामागचा हिशेब. रिकामी चालवणाऱ्याला मात्र ती कायम पुढे वाकल्यासारखी दिसते. मागचं काम तसं सोपं असतं, तिथे लांब पाटे असतात आणि ॲक्सल पाट्यांच्या खालून काढून वर बसवता येतो. पुढचं काम अवघड, म्हणून मी पुढच्याबद्दलच बोलणार आहे.

आधी गाडीखाली काय असतं ते पाहू. सी-१०ची १९७३ ते १९८७ ही पिढी लोक "चौकोनी अंगाची" म्हणून ओळखतात. तिच्या पुढच्या दोन्ही चाकांना एकच आडवा ॲक्सल नाही. प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वर-खाली होतं. एका बाजूला दोन कंट्रोल आर्म असतात, एक वर आणि एक खाली. आतल्या टोकाला ते बुशांवर फिरतात, दाराच्या बिजागरीसारखे. बाहेरच्या टोकाला प्रत्येकी एक बॉल जॉइंट, म्हणजे सगळ्या बाजूंना फिरणारा गोळीचा सांधा. या दोन बॉल जॉइंटांच्या मध्ये उभा असतो तो स्पिंडल, ज्याला आपल्या गॅरेजमध्ये स्टब म्हणतात. त्याच्या बाहेर आलेल्या जाड खुंटीवर हब, डिस्क आणि चाक फिरतं. खालच्या आर्ममध्ये एक खोलगट वाटी असते, तिच्यात कॉइल स्प्रिंगचं बूड बसतं. स्प्रिंगचं डोकं वर चॅसीच्या आडव्या मेंबरमधल्या खोबणीत. गाडीचं पुढचं सगळं वजन या दोन स्प्रिंगांवर तोललेलं असतं.

वरचा आर्म आखूड आणि खालचा लांब असतो. हे मुद्दाम केलेलं आहे. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते, तेव्हा त्या बाजूचं चाक वर जातं. आखूड आर्मचा वळसा लहान असल्यामुळे तो चाकाचा माथा किंचित आत ओढतो. गाडी बाहेर कलली आणि चाक आत कललं, की टायर रस्त्यावर सपाट राहतो. म्हणजे हे दोन आर्म कोणत्या कोनात उभे आहेत यावर टायर रस्ता कसा धरतो ते ठरतं. गाडी खाली आणताना हा कोन जपायचा आहे.

आता गाडी खाली आणायच्या दोन वाटा आहेत. एक, स्प्रिंग आखूड करायची, म्हणजे अख्खी गाडी चाकाच्या दिशेने खाली येते. दुसरी, स्पिंडल बदलायचा, म्हणजे चाकच गाडीत वर चढतं. बाहेरून बघणाऱ्याला दोन्हींत काही फरक दिसत नाही. आत मात्र जमीन-अस्मानाचा फरक असतो.

स्प्रिंगची वाट आधी घेतो, कारण बहुतेक जण तिथेच जातात आणि तिथेच फसतात.

स्प्रिंग चाकापाशी नसते. ती खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर असते. दार बिजागरीजवळ धरून एक इंच ढकललं तर कडीपाशी ते त्याहून कितीतरी जास्त सरकतं. तसंच इथे होतं. स्प्रिंगची बसलेली उंची एक इंचाने कमी झाली की चाकापाशी फरक जवळजवळ दोन इंचांचा पडतो. ही गोष्ट ठाऊक नसलेला माणूस "दोन इंच हवेत" म्हणून स्प्रिंग दोन इंच कापतो आणि गाडी थेट रबरी थांब्यावर बसते, म्हणजे आर्मला फार वर जाऊ न देणाऱ्या रबराच्या ठोकळ्यावर.

कापणं म्हणजे काय होतं तेही समजून घ्या. समजा स्प्रिंगला काम करणारे दहा वेढे आहेत. वजन दहाही वेढ्यांमधून जातं, प्रत्येक वेढा ते पूर्ण पेलतो आणि आपल्या वाट्याचा थोडा दबतो. एक वेढा कापला तर उरलेले नऊ पूर्वीइतकेच दबतात, फक्त एका वेढ्याची जागा गेली. गाडी तेवढी खाली येते. पण खड्ड्यात जेव्हा दणका बसतो तेव्हा तो झेलायला दहाच्या ठिकाणी नऊच वेढे असतात. स्प्रिंग सुमारे ११ टक्के कडक होते. हे वाईटच असं नाही, कारण गाडी खाली आल्यावर हालचालीला जागाही कमी उरते आणि थोडी कडक स्प्रिंग तिथे मदतच करते. कापायचीच असेल तर कापण्याच्या चकतीने, थंड ठेवत, पाव-पाव वेढा घेत कापावी. ज्या टोकाचा वेढा सपाट घासलेला असतो ते टोक कापू नये, कारण मग स्प्रिंग वाटीत नीट बसत नाही.

गॅसने तापवून स्प्रिंग "बसवतात" तो प्रकार मात्र कधीही करू नका. स्प्रिंगचं पोलाद ठरावीक पद्धतीने तापवून, विझवून, पुन्हा मंद तापवून तयार केलेलं असतं. त्याची लवचीकता पोलादाला असं पाणी देण्यातच असते. ज्योतीने लाल केलेला वेढा मऊ पडतो आणि पुढे मनाला येईल तसा दबत राहतो. त्याच्या शेजारी, जिथे लाल आणि न तापलेला भाग मिळतात, तिथे एखाद्या दिवशी तो तुटतो. मी एका भंगारवाल्याकडे अशी तुटलेली स्प्रिंग हातात घेऊन पाहिली आहे. तुटलेल्या तोंडावरची खडबडीत, करडी साखरेसारखी कणी पाहून अंगावर काटा आला. ती कुणाच्या तरी चालत्या गाडीखाली होती.

कापण्यापेक्षा आखूड म्हणूनच बनवलेली नवी स्प्रिंग केव्हाही बरी. पण तीसुद्धा त्याच वाटेवरची आहे आणि त्या वाटेवरचे परिणाम तिलाही चुकत नाहीत.

पहिला परिणाम हालचालीच्या जागेवर. खालचा आर्म वर येऊन रबरी थांब्याला टेकेपर्यंत चाकाला समजा साडेतीन इंच मोकळीक होती. स्प्रिंगने गाडी दोन इंच खाली आणली की उरली दीड. साध्या गतिरोधकावरही आर्म थांब्यावर आपटतो, आणि तो धक्का स्प्रिंग नाही, थेट चॅसी खाते. म्हणून आखूड थांबे आणि आखूड शॉकअप लागतात. शॉकअप जुनाच ठेवला तर तो आतल्या आत तळाला जाऊन फुटतो.

दुसरा परिणाम चाकाच्या कलण्यावर. आर्म कायमचे वर वळलेले राहतात, म्हणून चाकाचा माथा कायमचा आत झुकतो. सरळ रस्त्यावर टायरची आतली कड झिजते, बाहेरची नवी दिसते.

तिसरा परिणाम सहसा कुणी सांगत नाही, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गाडी खाली आली म्हणजे वळणावर कमी कलणार असं सगळे धरून चालतात. गाडी एका काल्पनिक बिंदूभोवती कलते आणि तो बिंदू आर्मच्या कोनांवरून ठरतो. स्प्रिंगने गाडी दोन इंच खाली आणली की तो बिंदू दोन इंचांपेक्षा जास्त खाली जातो. वजनाचा मध्य आणि हा बिंदू यांच्यातलं अंतर वाढतं. अंतर वाढलं म्हणजे तरफ लांब झाली, आणि तरफ लांब झाली की तेच वळण गाडीला जास्त कलवू पाहतं. मग लोक जाड अँटी-रोल बार (गाडीचं कलणं रोखणारा आडवा दांडा) बसवतात, आणखी कडक स्प्रिंग टाकतात, आणि शेवटी गाडी बैलगाडीसारखी दणदणते.

आता दुसरी वाट. तिच्यासाठी जो वेगळा स्पिंडल लागतो त्याला ड्रॉप स्पिंडल म्हणतात. दिसायला तो जुन्यासारखाच, वर-खाली बॉल जॉइंटांची तीच भोकं. फक्त चाकाची खुंटी त्याच्या अंगावर दोन-अडीच इंच वरच्या जागी असते. बस, एवढंच. आर्म होते तिथेच, त्याच कोनात. स्प्रिंग तीच, शॉकअप तोच, थांब्यापर्यंतची मोकळीक तेवढीच. गाडीला काही बदललंय हे कळतच नाही, फक्त जमीन जवळ आलेली असते. तो काल्पनिक बिंदूही गाडीबरोबर साधारण तेवढाच खाली येतो, त्यामुळे तरफ लांबत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की पहिले अडीच इंच नेहमी स्पिंडलने घ्यावेत. त्यानंतरही आणखी खाली जायचं असेल तर एखादा इंच स्प्रिंगने घेता येतो. उलट क्रमाने जाऊ नये.

स्पिंडलच्याही अटी आहेत. चाकाची रिम साधारण १५ इंच किंवा मोठी लागते, नाहीतर ती आत कुठेतरी घासते. काही कंपन्यांच्या स्पिंडलमध्ये चाक थोडं बाहेर सरकतं, तेव्हा रुंद टायर वळवताना मडगार्डच्या कडेला लागतो. आणि ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारा चिमटा, स्पिंडललाच बसत असल्याने डिस्कची जाडी जुळावी लागते. सी-१० दोन जाडींच्या डिस्कसह आली, एक इंच आणि सव्वा इंच. मी मोजलं नाही. सरळ मागवून टाकले, आणि शनिवारी सकाळी एका बाजूचं सगळं उघडल्यावर लक्षात आलं की माझ्या डिस्क सव्वा इंचाच्या आहेत आणि हातातले स्पिंडल एक इंचाचे. गाडी दहा दिवस घोडीवर, म्हणजे चॅसीखाली ठेवायच्या लोखंडी स्टँडवर, उभी राहिली. तेव्हा आधी चाक काढा, कॅलिपरच्या फटीतून डिस्कची जाडी मोजा, मग पैसे भरा.

किती खाली जायचं याचा एक जुना आणि शहाणा दंडक आहे. रिमच्या सगळ्यात खालच्या कडेच्या खाली गाडीचा दुसरा कोणताही भाग येता कामा नये. कारण सोपं आहे. टायर फुटला की गाडी रिमवर येते. त्या वेळी आर्म किंवा आडवा मेंबर रिमच्या खाली असेल तर तो रस्त्यावर घासत जाईल आणि स्टिअरिंग हातात राहणार नाही. कॅलिफोर्नियाने १९५०च्या दशकाच्या अखेरीस हाच दंडक कायद्यात घातला, कलम २४००८. त्याचा रोख मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांमधल्या खाली बसवलेल्या गाड्यांवर होता, हे तिथली माणसं आजही विसरलेली नाहीत. सॅन बर्नार्डिनोच्या रॉन अगिरे यांनी १९५९च्या सुमारास आपल्या कॉर्व्हेटला विमानांचे जुने हायड्रॉलिक पंप जोडले. बटणाच्या इशाऱ्यावर गाडी कधी कायदेशीर उंचीवर, कधी जमिनीलगत. लोरायडरच्या, म्हणजे अशा खाली बसवलेल्या गाड्यांच्या, हायड्रॉलिकची परंपरा तिथून धरली जाते. ते कलम २०२४च्या सुरुवातीपासून गेलं. कायदा गेला याचा मला आनंद आहे, कारण तो माणसं बघून लावला जायचा. पण रिमची ती रेषा मी स्वतःच्या गाडीला आजही लावतो, कारण ती भौतिकशास्त्राची आहे.

महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२प्रमाणे नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं आहे. तिथे असं काही मनात असेल तर आधी आरटीओत विचारा, मग पाना हातात घ्या.

प्रत्यक्ष कामात जिवाशी गाठ असलेली जागा एकच आहे, आणि ती स्प्रिंगची. समजा पुढच्या एका चाकावर ४५० किलो भार आहे. स्प्रिंग आर्मच्या मध्यावर असल्याने तिच्यावर येतो जवळजवळ दुप्पट, ९०० किलो. अशी दबलेली स्प्रिंग सुटून दहा सेंटिमीटर उसळली तर सिमेंटचं भरलेलं पोतं मीटरभर उंचीवरून पडावं एवढी ताकद एका क्षणात मोकळी होते. स्पिंडल बदलताना स्प्रिंग काढायची नसते, म्हणून माणूस गाफील राहतो. पण खालच्या आर्मला वर धरून ठेवणारी वस्तू तो स्पिंडलच असतो. तो सुटला की स्प्रिंगला अडवायला फक्त तुमचा जॅक उरतो.

म्हणून चॅसी दोन भक्कम घोड्यांवर ठेवायची, जॅकवर नाही. दुसरा जॅक खालच्या आर्मच्या खाली, बॉल जॉइंटच्या शक्य तितका जवळ. स्प्रिंगच्या वेढ्यांतून साखळी ओवून ती चॅसीला बांधायची. मग बॉल जॉइंटचे नट सैल करायचे, पण काढायचे नाहीत. चार आटे राहू द्यायचे. बॉल जॉइंटची दांडी निमुळती असते आणि चाळीस वर्षांत ती स्पिंडलच्या भोकात अशी रुतलेली असते की वाटतं एकजीव झाली. तिच्यावर हातोडी मारायची नाही. स्पिंडलचा जो जाड गोल कान तिला धरून असतो, त्याच्या बाजूवर मारायची, जड हातोडीने, सरळ. दोन-तीन घाव बद्द वाजतात. मग एक घाव वेगळाच वाजतो, टणकन, आणि जॉइंट चार आटे खाली उतरून नटावर थांबतो. त्यासाठीच तो नट ठेवलेला असतो. मग जॅक वर घेऊन आर्मचा भार त्यावर घ्यायचा, आणि तिथून पुढे तो न हलवता नट काढायचे आणि स्पिंडल बाहेर घ्यायचा.

नवा बसवताना नट पुस्तकात दिलेल्या जोराने आवळायचा आणि नट फिरू न देणाऱ्या स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट पुढेच आवळायचा, मागे कधीही सैल करायचा नाही. पिन नवीच घालायची. हबची बेअरिंगं या निमित्ताने धुऊन ताज्या ग्रीसने भरून घ्यावीत. त्यांचा नट चाक फिरवत फिरवत बेताने आवळायचा, मग सैल करायचा, आणि पुन्हा फक्त बोटांनी जेवढा फिरेल तेवढा लावायचा. अति घट्ट बेअरिंग तापून जळतं. शेवटी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवून ब्रेकचा रबरी पाइप कुठे ताणला किंवा घासला जात नाही ना ते पाहायचं.

राहिलं अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. वर सांगितलेलं कलणं, म्हणजे कॅम्बर, स्पिंडलच्या वाटेने फारसं बिघडत नाही. बिघडलंच तर वरच्या आर्मचा दांडा चॅसीच्या ब्रॅकेटला जिथे दोन बोल्टनी बसतो तिथे पातळ चकत्या असतात. दोन्ही बोल्टांमधून सारख्या चकत्या काढल्या की चाकाचा माथा बाहेर येतो, वाढवल्या की आत जातो. स्प्रिंगने खूप खाली गेलेल्या गाड्यांमध्ये काढायला चकत्याच उरत नाहीत, आणि मग सरकवलेल्या भोकांचा वेगळा दांडा आणावा लागतो.

टो, म्हणजे दोन्ही चाकं वरून पाहता एकमेकांना किती समांतर आहेत, तो मात्र कशालाही हात लावला की हलतो. २८ इंची टायरच्या मागच्या आणि पुढच्या कडेत एक अष्टमांश इंचाचा फरक राहिला तर तो टायर दर किलोमीटरला जवळजवळ साडेचार मीटर आडवा घासला जातो. हजार किलोमीटरांत साडेचार किलोमीटर! नवे टायर दोन महिन्यांत कापडापर्यंत कसे जातात याचं उत्तर एवढंच आहे.

आणि कॅस्टर. स्पिंडलच्या वरच्या-खालच्या बॉल जॉइंटांना जोडणारी रेषा वरून थोडी मागे झुकलेली असते, त्यामुळे स्टिअरिंग सोडलं की आपोआप सरळ येतं. आखूड हौद्याच्या सी-१०चा व्हीलबेस साडे-११७ इंच. फक्त नाक अडीच इंच खाली आणलं की अख्खी चॅसी सव्वा अंश पुढे वाकते, आणि तेवढाच कॅस्टर कमी होतो. मी पुढचं काम झाल्यावर लगेच अलाइनमेंट करून घेतलं आणि पंधरा दिवसांनी मागचे चार इंच खाली घेतले. चॅसी उलट दिशेने वळली आणि सगळे आकडे पुन्हा हलले. दुकानात दुसऱ्यांदा पैसे भरावे लागले. तेव्हा पुढचं आणि मागचं दोन्ही पुरं झाल्यावरच अलाइनमेंटला जावं, आणि रोज जेवढं पेट्रोल किंवा सामान गाडीत असतं तेवढं ठेवूनच जावं.

हेडलाइटही त्याच वेळी पाहून घ्या. पुढून अडीच आणि मागून चार म्हणजे नाक आता पूर्वीपेक्षा पाऊण अंश वर उचललेलं आहे. पन्नास मीटरवर तो झोत जवळजवळ दोन फूट वर जातो, नेमका समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत. संध्याकाळी भिंतीसमोर गाडी उभी करून दहा मिनिटांत दिवे जुळवता येतात.

पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर झाले की एकदा चाकं काढा. सगळ्या पिना जागेवर आहेत का बघा आणि टायरच्या आतल्या भिंतीवरून बोट फिरवा. कुठे गुळगुळीत, चकाकता पट्टा लागला तर तिथे काहीतरी घासतंय. माझ्या उजव्या टायरवर तसा बोटभर पट्टा निघाला. आतल्या मडगार्डची घडी केलेली कड हातोडीने वर दुमडली, पुन्हा शंभर किलोमीटर चालवली, आणि पट्ट्यावर धूळ बसलेली पाहिल्यावरच चाकाचे नट शेवटचे आवळले.